दोघांपुरता तंबू

१

सप्टेंबर लागला की आश्लेषाच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये जायचा आणि नोव्हेंबरपर्यंत परत यायचा नाही. पोळ्यांची कणीक मग अंदाजाने. काट्यावर चढायचे ते मोजे, चमचे, दोऱ्या, टॉर्च, औषधाच्या गोळ्या. दात घासायच्या ब्रशचा दांडा ती अर्धा कापून टाकायची. सहकारी हसायचे, पण तिला फरक पडत नसे. बॉइसीतल्या एका कारखान्यात ती पॅकेजिंगची इंजिनिअर होती आणि कुठल्या खोक्यात किती हवा उगाच वाहिली जाते हे शोधण्याचा तिला पगार मिळायचा. शिकारीच्या पिशवीतही तिला उगाचची हवा नको होती.

शिकार म्हणजे एल्कची. एल्क म्हणजे सांबरच, पण घोड्याएवढं. आयडाहोच्या डोंगरांत ऑक्टोबरअखेर परवाना काढून जायचं, चार-पाच दिवस राहायचं, मिळालं तर वर्षभराचं मांस, नाही मिळालं तर डोंगर तरी पाहिला. हे तिला शिकवलं शशिकांतकाकांनी. पंधरा वर्षांपूर्वी ती नाशिकहून शिकायला येऊन पहिल्या नोकरीला लागली, तेव्हा काका तिचे सीनियर होते. बंदूक कशी धरायची, वारा कसा ओळखायचा, आणि नेम चुकणार असं वाटलं तर चाप ओढायचाच नाही, हे सगळं त्यांचंच.

आता काका सदुसष्ट वर्षांचे होते. रिटायर होऊन मुलीजवळ, अनुष्काजवळ, नेपरव्हिलला गेले होते, उजवा गुडघा बदलला होता आणि तीन वर्षं डोंगर चढले नव्हते. यंदा आश्लेषाने त्यांना फोन केला.

"काका, तिकीट काढा. तुमच्या पाठीवर आठ किलोच्या वर एक ग्रॅम येणार नाही, ही माझी गॅरंटी."

"अगं, मी काय काचेचं भांडं आहे?"

"तुम्ही नाही. पण गुडघा नवा आहे, त्याला जपायला नको?"

मागून सुमित्राकाकूंचा आवाज आला, "तिला म्हणावं, तुम्हाला धडधाकट परत आण. आणि ते एल्क-बिल्क माझ्या फ्रीजमध्ये येणार नाही!"

काका हसले. मग जरा थांबून म्हणाले, "येतो. एकदा जाऊन येतो. पुढच्या वर्षीचं काही खरं नाही."

२

आठ किलोची गॅरंटी द्यायची तर आधी काकांचा कॅनव्हासचा तंबू रद्द करावा लागणार होता. तो एकटाच वीस किलोचा. आश्लेषाने तीन पर्याय मागवले आणि मागच्या अंगणात एकेक उभा करून प्रत्येकात एकेक रात्र काढली.

पहिलं नुसतंच छत होतं, चारही बाजूंनी उघडं. वजन सगळ्यांत कमी, पण वाऱ्यापावसात काकांना त्यात झोपवायची तिची हिंमत नव्हती. दुसरा छोटा तंबू, एकाच कापडाचा, खाली शिवलेली जमीन. चांगला होता, पण आत बसलं की डोकं टेकायचं आणि काकांना बूट घालायला पाय लांब करता आला नसता. तिसरी टिपी. शंकूसारखी, मधे एकच खांब, तोही आपल्याच चालायच्या दोन काठ्या एकमेकींना जोडून. खाली काही नाही, थेट जमीन. आत ताठ उभं राहता येई. वजन एक किलो साठ ग्रॅम. राखाडी-पांढरं, पातळ, दिवसा आतून दुधासारखं दिसणारं कापड.

एकाच कापडाच्या तंबूत एक कटकट असते. माणसाच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागते आणि सकाळी भिंती ओल्या होतात. किती ओल्या, हे आश्लेषा मोजायची. कोरडं फडकं काट्यावर ठेवायचं, भिंती पुसायच्या, फडकं पुन्हा ठेवायचं. छोट्या तंबूत सत्तर ग्रॅम पाणी निघालं. टिपीत निघालं एकशे चाळीस.

बरोबर दुप्पट. तिने खांदे उडवले. खाली गवत आहे, गवताची ओल वर येणारच. दुसऱ्या रात्री तिने गवतावर प्लास्टिक अंथरलं, कडेपर्यंत, दगड ठेवून. सकाळी एकशे अडतीस.

ती फडकं हातात धरून काही वेळ उभी राहिली. कापड निराळं, आकार निराळा, वारा पडलेला. कारणं तीन मिळाली आणि तिन्ही पटण्यासारखी होती. शिवाय एक किलो साठ ग्रॅममध्ये काका ताठ उभे राहू शकणार होते. तिने बाकीचे दोन परत पाठवले.

३

गाडी रस्ता संपतो तिथे ठेवून ते साडेसहा किलोमीटर चढले. काकांना पाच तास लागले, पण चढले. वर एका ओढ्याच्या काठी, फरच्या झाडांच्या आडोशाला सपाट मोकळी जागा होती. उंची आठ हजार फूट. जमीन कोरडी, दगडासारखी टणक. ओलीचा इथे प्रश्नच नव्हता.

टिपी सात मिनिटांत उभी राहिली. काका आत गेले, काठीच्या खांबाला हात लावून गोल फिरले.

"ऐसपैस आहे गं. इथे तर चौघं झोपतील."

"चौघांचीच म्हणून विकतात. पण सामानासकट दोघं, हे खरं माप."

खांबाच्या डावीकडे काकांचं अंथरूण, उजवीकडे तिचं. मागे, दारासमोरच्या बाजूला, दोन्ही पिशव्या. त्या संध्याकाळी ओढ्यापलीकडे एल्कच्या ताज्या खुणा दिसल्या आणि काकांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. नूडल्स खाताना ते सारखे घड्याळ बघत होते, सकाळ कधी होते म्हणून.

सकाळी उजाडता उजाडता आश्लेषाला जाग आली. थंडी कडाक्याची होती आणि भिंतींवरची वाफ गोठून पांढरी झाली होती. हे अपेक्षितच. गोठलेलं दव नेहमी झोपणाऱ्याच्या तोंडाजवळ दाट असतं, कारण श्वास तिथेच लागतो. तिच्या डोक्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ताटलीएवढा पांढरा डाग होता. काकांच्या डोक्याशी तसाच.

तिसरा डाग पिशव्यांच्या वर होता.

ती कोपरावर उठून बघत राहिली. तो डाग वीतभर उंचीवर नव्हता. तो जमिनीपासून अडीच फुटांवर होता. तेवढाच गोल, तेवढाच दाट.

वारा आतून फिरतो, वाफ गरम म्हणून वर जाते, मागच्या भिंतीला लागते. ठीक आहे. पण मग डाग पसरट हवा, वर शेंड्यापर्यंत गेलेला हवा. हा तर कुणी भिंतीकडे तोंड करून रात्रभर बसून राहावं तसा होता.

तिने बोटाने तो खरवडला. बर्फाचा भुगा पिशवीवर पडला. काका उठले तेव्हा तिने चहाचं पाणी ठेवलं होतं.

४

त्या दिवशी एल्क दिसलं नाही. काका दुपारीच दमले. एका ओंडक्यावर बसून श्वास घेत म्हणाले, "तीन वर्षांत एवढा फरक पडतो? कमाल आहे."

"उंची आहे, काका. उद्यापर्यंत शरीर सरावेल."

"हो, सरावेल की." पण चढ नसतानाही त्यांचा श्वास लागत होता. आश्लेषाने त्यांची बंदूक सोडून पिशवीतलं बाकी सगळं आपल्या पिशवीत घेतलं. ते नको म्हणाले नाहीत. काका नको म्हणत नाहीत, हे तिला त्या डागापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या सकाळी तिने डोळे उघडले ते थेट मागच्या भिंतीकडे. भिंत स्वच्छ होती. कापडाचं राखाडी विणकाम दिसत होतं. तिला हसू आलं, आपलंच.

मग तिने डावीकडे मान वळवली.

काकांच्या बाजूला दोन डाग होते. एक त्यांच्या डोक्याशी. दुसरा त्याच्याच शेजारी, हातभर अंतरावर, वीतभर उंचीवर. म्हणजे झोपलेल्या माणसाचा.

काका जागेच होते. चेहरा जरा ओढल्यासारखा, पण आवाज मजेत. "बरं झालं हं, रात्री इकडे सरकलीस ते."

"मी?"

"थंडीने माझे दात वाजत होते. मग तुझी पाठ लागली पाठीला आणि अशी ऊब आली म्हणून सांगू! एकदम झोप लागली." ते जरा संकोचले. "अनुष्काही लहानपणी अशीच झोपायची. पाठीला पाठ लावून."

आश्लेषाचं अंथरूण खांबाच्या उजवीकडे होतं. तिच्या स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती आणि आतल्या बाजूने दोरी आवळलेली. खांब दोघांच्या मधे होता.

"काका, मी नाही सरकले."

"झोपेत कळत नाही माणसाला," काका समजूतदारपणे म्हणाले, आणि त्यांनी विषय संपवला.

तिनेही संपवला. उंचीमुळे माणसाला भास होतात, ही माहितीची गोष्ट आहे. दमलेल्या माणसाला तर होतातच. उद्याचा दिवस बघायचा, काकांना बरं वाटलं नाही तर परवा खाली. तिने मनात वेळापत्रक आखलं आणि वेळापत्रक आखलं की तिला नेहमीच बरं वाटायचं.

पण त्या संध्याकाळी तिने काकांचं अंथरूण खांबाच्या उजवीकडे, आपल्या शेजारी आणून लावलं. काकांना म्हणाली, "तिकडून वारा येतो." आणि त्या रिकाम्या झालेल्या बाजूला दोन्ही पिशव्या, बूट, बंदुकांची कव्हरं, पाण्याच्या बाटल्या, जे जे होतं ते सगळं पसरून ठेवलं. कुणालाही आडवं होता येऊ नये इतकं.

सकाळी ते सगळं सामान मागच्या भिंतीशी एकावर एक रचलेलं होतं.

"तुम्ही आवरलंत का, काका?"

काकांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. ते पुन्हा खांबाच्या डावीकडे झोपले होते.

५

तिसऱ्या दिवशी बर्फ सुरू झालं. सकाळी नऊपासून असं पडायला लागलं की दहा पावलांवरची झाडं नाहीशी झाली. अशा वेळी करायची गोष्ट एकच असते आणि आश्लेषाने ती नवशिक्यांना अनेकदा सांगितली होती. हलायचं नाही. आडोसा आहे, अन्न आहे, अंथरूण आहे. वादळ संपेपर्यंत आत पडून राहायचं. वादळात तंबू सोडून निघालेली माणसं वसंतात सापडतात.

म्हणून ते आत राहिले. कापडावर बर्फ साचत होतं आणि तिने अधूनमधून आतून टपली मारली की सरसरत खाली घसरत होतं. आत दुधासारखा सारखा उजेड. सावली कुठेच नाही. वाऱ्याचा आवाजही बर्फाने गिळलेला. अशा उजेडात दहा वाजलेत की तीन, काही समजत नाही.

काका झोपून होते. जेवायला उठवलं तर दोन घास खाल्ले आणि पुन्हा आडवे झाले. ओठ जरा निळसर वाटत होते.

"काका, डोकं दुखतंय?"

"नाही गं. छान वाटतंय. ऊब आहे इथे."

आतली थंडी उणे दहाच्या खाली होती. आश्लेषाचे हातमोज्यातले हात बधिरले होते.

ती बसून त्यांच्याकडे बघत राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिच्या तोंडातून वाफेचा लोट निघायचा, पांढऱ्या उजेडात वर जायचा आणि विरायचा. ती उगाचच मोजायला लागली. मिनिटाला चौदा. मग काकांचे मोजावेत म्हणून तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

काकांच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.

पण त्यांची छाती तर खालीवर होत होती. स्लीपिंग बॅगचा फुगवटा वर जात होता, खाली येत होता, संथ आणि सारखा. ती गुडघ्यांवर पुढे सरकली. तोंड किंचित उघडं. छाती वर गेली. छाती खाली आली. ओठांसमोरची हवा स्वच्छच.

आणि त्यांच्या डोक्यामागे, भिंत आणि त्यांची पाठ यांच्यामधल्या हातभर रिकाम्या जागेतून, एक पांढरा लोट उठला. जमिनीपासून वीतभर उंचीवर सुरू झाला, वर गेला, विरला.

काकांची छाती वर गेली. खाली आली. लोट उठला.

ती हलली नाही. तिने दहा वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी छाती काकांची आणि वाफ मागची. अकराव्या वेळी छाती खाली आली, पण लोट उठला नाही. जे काही तिथे होतं, त्याने श्वास रोखून धरला होता. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळल्यावर माणूस धरतो तसा.

६

आश्लेषा नंतर स्वतःच्या त्या दोन मिनिटांबद्दल कुणालाही सांगू शकली नाही, पण त्या दोन मिनिटांत तिचं डोकं फार नीट चाललं. बाहेर वादळ. साडेसहा किलोमीटर. दुपारचे एक वीस. उजेड सहापर्यंत. उतार आहे, फोनमध्ये वाट नोंदलेली आहे, बॅटरी भरलेली आहे. काका चालू शकले तर चार तास. आत राहायचं की निघायचं, याचं पुस्तकातलं उत्तर तिला पाठ होतं. पुस्तक लिहिणारा या तंबूत बसला नव्हता.

अडचण काकांची होती. ओढून नेता येणार नव्हतं. आणि ते स्वतःहून उठणार नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरच्या त्या सुखी भावावरून दिसत होतं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. मागच्या जागेकडे तिने बघितलं नाही. आवाज अगदी दबका ठेवला, पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवला होता तसा.

"काका. बुल आलाय."

एल्कच्या नराचं नाव काढताच पापण्या हलल्या.

"ओढ्यापाशी. साठ यार्डांवर. सहा-सहा टोकांची शिंगं. एकटाच आहे. काका, आत्ता."

शशिकांतकाकांनी डोळे उघडले. तिने त्यांना बुटात पाय घालायला मदत केली, जाकीट चढवलं, टोपी घातली. एक क्षण ते थबकले, पाठीमागे हात नेला, कुणाला तरी थोपटावं तसा, आणि म्हणाले, "ही झोपलीय, उठवू नको."

"नाही उठवत," आश्लेषा म्हणाली. "चला."

तिने काकांची बंदूक त्यांच्या हातात दिली, आपली खांद्याला अडकवली, पाण्याची एक बाटली आणि खाण्याची पिशवी उचलली. स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, बाकी सगळं तिथेच. दोघं बाहेर पडले. तिने मागे वळून दाराची चेन लावली. का लावली, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आतून कुणी ओढली नाही, एवढंच तिला आठवतं.

काका दहा पावलं वाकून, शिकाऱ्यासारखे चालले. मग थांबले आणि एकाएकी खोकायला लागले. जोरात, पोटातून. आणि त्यांच्या तोंडातून वाफेचा असा मोठा लोट बाहेर पडला की आश्लेषाला रडू फुटलं.

"कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"खाली. खाली उतरलाय. चला."

७

काकांनी ते खोटं पंधरा मिनिटं खरं मानलं. मग ते उभे राहिले.

"आश्लेषा, खुणा कुठेत? एवढं जनावर गेलं आणि बर्फात एक खूर नाही?"

"नाहीये काका. बुल नव्हता."

त्यांचा चेहरा तिने असा कधी पाहिला नव्हता. "वादळात बाहेर काढलंस? मला? खोटं बोलून? अगं, मी तुला काय शिकवलं होतं?"

"तुमचे ओठ निळे पडले होते. तुम्हाला खाली नेणं भाग आहे. शिव्या गाडीत द्या."

"परत फिरू या. तंबू आहे तिथे."

"नाही."

"मी हुकूम देतोय, समज."

"मी ऐकत नाहीये, समजा," ती म्हणाली आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

ती वाट तिला अर्धीमुर्धीच आठवते. फोनवरचा निळा ठिपका, गुडघाभर बर्फ, प्रत्येक पडलेल्या झाडापाशी दोन मिनिटं विश्रांती. काका दोनदा बसले आणि उठणार नाही म्हणाले. पहिल्यांदा तिने चॉकलेट दिलं, दुसऱ्यांदा सुमित्राकाकूंचं नाव घेतलं. हजार फूट उतरल्यावर बर्फ विरळ झालं आणि काकांचा श्वास मोकळा झाला. साडेपाचला गाडी दिसली. काकांनी दाराला हात लावला आणि बॉनेटवर डोकं टेकवलं.

जवळच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, फोटो काढला, बोटाला क्लिप लावली. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरायला लागलं होतं, त्या म्हणाल्या. आणखी एक रात्र वर काढली असती तर हे गृहस्थ उठले नसते. भास होतात, उबदार वाटतं, सगळं त्यातलंच. तुम्ही खाली आणलंत, शाबास.

आश्लेषाने ते उत्तर घेतलं, घडी घातली आणि ठेवून दिलं. चांगलं उत्तर होतं. त्यात तिने स्वतः पाहिलेलं बसत नव्हतं, पण तीही आठ हजार फुटांवरच होती, तिलाही झोप नव्हती.

चार दिवसांनी काका नेपरव्हिलला परत गेले. विमानतळावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"खोटं बोललीस ते बरं केलंस," ते म्हणाले. मग खाली बघत, लाजल्यासारखं, "पण खरं सांगू? इतकी शांत झोप मला वर्षानुवर्षं लागली नव्हती."

८

डोंगरावर सामान टाकून येणं आश्लेषाच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिने वनखात्याच्या ऑफिसला फोन करून जागा कळवली, नाव-नंबर दिला. डेल नावाचा त्यांचा माणूस येत्या आठवड्यात खेचर घेऊन त्या बाजूला जाणार होता. तो म्हणाला, आणतो गुंडाळून, काळजी नको.

फोन आला तो मंगळवारी, भर दुपारी, ती ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा खात असताना. सॅटेलाइट फोनचा तो पोकळ, जरा उशिराने येणारा आवाज.

"मॅम, डेल बोलतोय. तुमचा तंबू सापडला. काय जागा निवडलीत! दोन फूट बर्फ पडलंय, पण हा पठ्ठ्या ताठ उभा आहे. कुठला घेतलात? मलाही एक घ्यायचाय."

"डेल, तुम्ही कुठून बोलताय?"

"आतूनच. बाहेर वारा सुटलाय. म्हटलं जरा टेकावं, मग आवरायला घ्यावं." तो हसला. "खरं तर उठावंसंच वाटत नाहीये. ऊन नाही, शेकोटी नाही, तरी आत बरं वाटतंय."

आश्लेषाने चमचा खाली ठेवला. तिचा आवाज जराही चढला नाही.

"डेल, माझं ऐका. फोन चालू ठेवा आणि बाहेर या. आत्ता."

"काही प्रॉब्लेम आहे का?"

"बाहेर या, मग सांगते."

तो कामातला माणूस होता, हुकूम ओळखणारा. सरपटण्याचा आवाज आला, मग वारा. "आलो."

"दाराची चेन लावा. पूर्ण, खालपर्यंत."

चेनचा लांबलचक खर्र आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. "लावली. आता सांगा."

"आता खेचराजवळ जा. तंबू तसाच राहू द्या. मला तो नकोय, कुणालाच नकोय."

"मॅम, एवढं चांगलं सामान—"

तो मधेच थांबला. वारा वाहत होता. आणि वाऱ्याच्या मागे, दुरून, तोच खर्र आवाज आला. या वेळी हळूहळू, एकेक दात मोजत उघडावी तसा.

"डेल?"

मग तो बोलला ते इतकं हळू की तिने फोन कानात रुतवला.

"मॅम, वर तुम्ही किती जण होतात?"

"खेचराचा दोर सोडा आणि उतरायला लागा," ती म्हणाली. "धावू नका, वाट घसरडी आहे. फोन हातातच ठेवा. तुम्ही गाडीत बसेपर्यंत मी ठेवत नाही."

बर्फात बूट करकरले. खोगिराचे पट्टे वाजले, खेचर फुरफुरलं. मग तो चालायला लागला, आधी बेताने, मग भराभर. तो काही बोलत नव्हता, पण त्याला लागलेली धाप तिला ऐकू येत होती. कॅन्टीन रिकामं झालं, कुणीतरी दिवे मालवून गेलं. आश्लेषा एक कान झाकून बसून राहिली. डेलचा एक श्वास. खेचराचा एक. पुन्हा डेलचा. पुन्हा खेचराचा. तिसरा मिसळत नाही ना, हे ती मोजत राहिली.